परिचयात न मावलेलं

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

विभागातल्या निरोप समारंभासाठी माझा दोन पानी परिचय तू लिहिणार म्हणालास, म्हणून मी बायोडेटा पाठवला. तासाभरात तुझा उलट प्रश्न आला, "आई, यात तू कुठेयस?" तसं बघितलं तर खरंच कुठे नाही. जन्मतारीख, पदव्या, पेपरांची यादी, पीएचडी झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या, समित्या. फोनवर सांगायला बसले तर मी भरकटते आणि तू मध्येच "हं, हं" करायला लागतोस, म्हणून लिहितेय. यातलं काय घ्यायचं ते तू ठरव. फक्त "अविरत ज्ञानसाधना" आणि "विज्ञानाची उपासक" असलं काही लिहू नकोस. साधना वगैरे काही नव्हती. माश्या होत्या.

लोकांना वाटतं की आनुवंशिकीचा प्राध्यापक म्हणजे पांढरा कोट, रंगीत द्रावणं आणि पडद्यावर डीएनएची शिडी. माझ्या आयुष्यातले बहुतेक तास मायक्रोस्कोपखाली फळमाश्या वेगळ्या करण्यात गेले. हातात बारीक कुंचला, समोर कार्बन डायऑक्साइड सोडणारी सच्छिद्र पाटी, तिच्यावर गुंगलेल्या माश्या. नर डावीकडे, मादी उजवीकडे. नराच्या पोटाचं टोक काळं, पुढच्या पायांवर बारीक दातांचा कंगवा. नुकतीच कोशातून निघालेली मादी फिकट असते, पंख नीट उलगडलेले नसतात आणि पोटातून एक काळसर ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला की जीव भांड्यात पडतो, कारण ती नक्की कुमारी. पंचवीस अंशांना ठेवलेली मादी बाहेर आल्यापासून साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. त्यानंतर भरवसा नाही. आणि एकदा समागम झाला की ती नराचं बीज पोटात साठवून ठेवते, मग तुम्ही तिला हव्या त्या नराबरोबर ठेवा, पोरं आधीच्याची निघू शकतात. अख्खा क्रॉस, म्हणजे ठरवून लावलेली जोडी, वाया. म्हणून सकाळी लवकर, दुपारी आणि रात्री घरी निघताना माश्या वाढवायच्या नळ्या रिकाम्या करायच्या. त्यात रविवार, दिवाळी, तुझा वाढदिवस, काहीही येवो.

तुला आठवत असेल, सहा-सात वर्षांचा असताना रविवारी मी तुला लॅबमध्ये घेऊन जायचे. बाबांची ड्यूटी असली की दुसरा इलाजच नसायचा. तुला गप्प बसवायला मी अंगठ्याने दाबायचा काउंटर हातात दिला होता. मी "लाल" म्हटलं की एकदा टक्. एकदा तू मला विचारलंस, "पांढरी आली तर दाबू?" मी म्हटलं, पांढरी आली तर ओरड. त्या दिवशी आली नाही, तू फार हिरमुसलास.

पांढरीची गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्याकडे लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला. त्याची वंशावळ बघता बघता लक्षात आलं की हा गुण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राबरोबर चालतो, म्हणजे आनुवंशिक घटक गुणसूत्रांवरच असले पाहिजेत. ज्या खोलीत हे घडलं ती जेमतेम सोळा बाय तेवीस फुटांची. त्यात आठ टेबलं आणि माश्यांनी भरलेल्या दुधाच्या बाटल्या. तिथेच अल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, तेव्हा पदवीही झालेली नव्हती. १९११ मध्ये तो प्रयोगांचे आकडे घरी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशीचा अभ्यास बाजूला ठेवला आणि रात्रभर बसून एका गुणसूत्रावरच्या जनुकांचा क्रम आणि त्यांच्यातली अंतरं मांडून मोकळा झाला. जगातला पहिला जनुकीय नकाशा! दोन गुण जितक्या वेळा एकमेकांपासून सुटतात तितके ते लांब, एवढंच त्यातलं तत्त्व. एम.एस्सी.च्या वर्गात हे ऐकलं आणि माझं ठरलं. तोपर्यंत मी वनस्पतिशास्त्राकडे जाणार होते. गृहपाठ न केल्यामुळे कोणाचं भलं झाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

माझ्या गाइडनी पहिल्या दिवशी शंभर नळ्यांचा ट्रे पुढे ठेवला आणि म्हणाले, सहा महिने नुसतं बघ, काही करू नकोस. मला वाटलं, बाई म्हणून टाळतायत. नंतर कळलं, सगळ्यांनाच असं बसवत. पण त्या सहा महिन्यांत डोळे तयार झाले. आजही नळी उजेडात धरली की काहीतरी चुकलंय हे आधी जाणवतं आणि काय चुकलंय ते नंतर सापडतं.

जनुकांची नावं हा तर वेगळाच मामला. ज्या जनुकामुळे माशीचा डोळा लाल होतो त्याचं नाव 'व्हाइट'. ज्याच्यामुळे डोळा तयार होतो त्याचं नाव 'आयलेस'. बिघडल्यावर काय दिसतं त्यावरून बारसं. घरात एखाद्या माणसाची किंमत तो आजारी पडल्यावर कळते ना, तसं. "माश्यांचा उपयोग काय?" असं तुझी मावशी दर लग्नात विचारायची, तिला मी या आयलेसचंच उदाहरण द्यायचे. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने हे जनुक माशीच्या पायांत आणि पंखांत चालू केलं, तर तिथे डोळे उगवले. मग त्याच्या जोडीचं उंदराचं जनुक घालून बघितलं, तरी डोळेच आले, आणि तेही माशीचे. माणसात याच घराण्यातल्या जनुकात दोष असेल तर मूल बुबुळाचा रंगीत पडदा नसलेलं जन्मू शकतं. मावशी म्हणायची, "शी!" आणि विषय संपायचा.

तुझ्या जन्मानंतर माझी साडेतीन वर्षं गेली. परिचयात त्याला "कौटुंबिक कारणास्तव खंड" असलं काही म्हणू नकोस. सरळ लिही, मुलगा लहान होता. परत आले तेव्हा बरोबरचे पुढे गेलेले. त्या दिवसांत मी टेबलासमोर नेटी स्टीव्हन्सचं छायाचित्र लावलं होतं. या बाई पस्तिशीला आल्यावर स्टॅनफर्डला शिकायला गेल्या आणि १९०५ मध्ये पिठातल्या किड्याची गुणसूत्रं बघून त्यांनी दाखवलं की नर होणं-न होणं एका छोट्याशा गुणसूत्रावर ठरतं. आज आपण ज्याला वाय म्हणतो तेच. १९१२ मध्ये कर्करोगाने गेल्या. जेमतेम नऊ-दहा वर्षं काम करायला मिळालं. त्यांच्याकडे बघून माझी साडेतीन वर्षं फार मोठी वाटायची नाहीत.

नोकरी लागल्यावर शिकवणं आलं. ते मला आवडायचं, हे मात्र परिचयात जरूर लिही, कारण बायोडेटात त्याला रकाना नसतो. प्रात्यक्षिकाला दर वर्षी एकच गंमत व्हायची. मुलांनी क्रॉसमधल्या माश्या मोजायच्या आणि तीनास एक प्रमाण, म्हणजे एका रूपाच्या तीन तर दुसऱ्याची एक, येतं का ते बघायचं. चाळीसातली दहा-बारा मुलं नेमके पंचाहत्तर आणि पंचवीस लिहून आणायची. मी त्यांना परत मोजायला बसवायचे. मेंडेलने वाटाण्याचे ७३२४ दाणे मोजले तेव्हा ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, भागाकार २.९६. त्याचं तीन आलं नाही, तर तुझं कसं आलं बाबा? गंमत म्हणजे १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेलचे सगळे आकडे एकत्र तपासले, तर तेसुद्धा अपेक्षेच्या जरा जास्तच जवळ निघाले. मेंडेलने काही केलं, की मदतनिसाला मालकाला काय हवंय ते कळलं होतं, की दुसरंच काही, यावर अजून वाद चालतात. मी हे वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आणि आता पुढचं वाच.

तू नववीत होतास त्या वर्षी मी फार चिडचिडी झाले होते. घरात शिरले की तू आणि बाबा एकमेकांकडे बघून विचारायचात, "आज किती गेल्या?" विनोद होता, पण प्रश्न बरोबर होता. आम्ही तेव्हा मेलेल्या माश्याच मोजत होतो.

आमच्याकडे केशरी डोळ्यांची एक लाइन, म्हणजे माश्यांचं वेगळं वाढवलेलं घराणं, होती. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांत एका जनुकाच्या मधोमध डीएनएचा तुकडा घुसवलेला, आणि त्या तुकड्याबरोबर डोळ्याला थोडा रंग देणारं व्हाइटचंच एक अशक्त रूप जोडलेलं. म्हणजे डोळा केशरी दिसला की तुकडा आहे असं समजायचं. या माश्या जास्त जगतायत असं माझ्या एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं. आयुर्मानाचा प्रयोग करायला सोपा पण जिवावर येणारा. वीस-वीस माद्या एकेका नळीत, दर दोन-तीन दिवसांनी नव्या खाद्यावर हलवायच्या आणि तळाशी राहिलेल्या मोजायच्या. नळीवर टिचकी मारायची, पाय हलला तर जिवंत. असं शेवटची मरेपर्यंत, तीन महिने. पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळीही केशरी माश्या कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या तुकडा नसलेल्या माश्यांपेक्षा, दोन-अडीच आठवडे जास्त टिकल्या. एका जनुकाला धक्का लावला की आयुष्य वाढतं! मला रात्री झोप लागेना. पेपर लिहायला घेतला.

तेव्हा तीच मुलगी म्हणाली, मॅडम, आधी बॅकक्रॉस करूया का?

हे तुला कळायला हवं, म्हणून नीट सांगते. आमची केशरी लाइन एका घराण्यातली आणि कंट्रोल दुसऱ्या. कंट्रोलचा स्टॉक, म्हणजे जपून ठेवलेला वंश, वर्षानुवर्षं लॅबमध्ये आपसातच वाढलेला. दोघांत त्या एका तुकड्याखेरीज आणखी शेकडो फरक असणार. मग आयुष्य कशामुळे वाढलं हे कसं सांगणार? उपाय जुना आणि साधा आहे, तोच बॅकक्रॉस. केशरी डोळ्यांची मादी घ्यायची, कंट्रोलच्या नराशी लावायची. पुढच्या पिढीतली केशरी मादी पुन्हा कंट्रोलच्या नराशी. मादीच घ्यायची, कारण फळमाशीत गुणसूत्रांची अदलाबदल मादीतच होते, नरात होत नाही. दर पिढीत जुन्या घराण्याचा वाटा निम्मा होतो. दहा पिढ्यांनी हजारातला एखादा भाग उरतो, शिवाय तुकड्याच्या अगदी लगत जे चिकटून असेल ते. हे चार-पाच महिने, मग पुन्हा आयुर्मानाचे तीन. म्हणजे आठ महिने.

मी नाही म्हटलं. रिव्ह्यूअरने मागितलं तर करू, असं म्हटलं. मला पक्कं माहीत होतं की ती बरोबर बोलतेय. दर वर्षी हेच मी स्वतः शिकवत होते. पण प्रमोशनची मुलाखत वर्षावर आली होती, ग्रँट संपत होती, आणि मला ते उत्तर हवं होतं. पंचाहत्तर-पंचवीस लिहून आणणाऱ्या मुलांत आणि माझ्यात फरक एवढाच की मला आकडे बदलावे लागले नाहीत. नुसतं न तपासणं पुरलं.

पहिल्या नियतकालिकाने पाच महिने लावून नाही म्हटलं. दुसऱ्याने आणखी चार महिन्यांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवून स्वीकारलं. बॅकक्रॉस कोणीच मागितला नाही. ज्या दिवशी ते पत्र आलं त्याच संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं आणि टेबलावर एक आलेख ठेवला. पंचवीस अंशांच्या कपाटात सगळ्यात खाली, मागच्या कोपऱ्यात "प्रात्यक्षिक" अशी चिठ्ठी लावलेला एक ट्रे होता. मी तो रोज बघत होते. त्यात तिने न सांगता दहा पिढ्या काढल्या होत्या. आलेखावर दोन रेषा होत्या, एक केशरी, एक काळी. पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत एकीवर एक बसलेल्या. आमच्या माश्या दीर्घायुषी नव्हत्याच. कंट्रोलच अशक्त होता.

मी तिच्यावर भडकले. मला न विचारता खाद्य वापरलं, नळ्या वापरल्या, असलं काहीबाही बोलले. ती उभी राहून ऐकत होती. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी संपादकांना पत्र लिहून पेपर मागे घेतला. पत्र लिहिताना ती शेजारी बसली होती. माझ्या एका वाक्यात "काही तांत्रिक कारणांमुळे" असं होतं, ते तिने मला खोडायला लावलं.

त्यामुळे माझ्या यादीत तीन वर्षं कोरी आहेत. तुला ती दिसली असतील, तू विचारलं नाहीस. प्रमोशनच्या समितीने मात्र विचारलं. मी जे घडलं ते सांगितलं, ते कोणीतरी लिहून घेतलं, आणि प्रमोशन त्या वेळी झालं नाही. चार वर्षांनी झालं. तिच्या पीएचडीलाही दीड वर्ष जास्त लागलं, आणि ते माझ्या प्रमोशनपेक्षा मला जास्त लागतं. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच हो म्हटलं असतं तर तिचा तो वेळ वाचला असता. आता तिची स्वतःची लॅब आहे. समारंभाला येणार आहे. ती दोन शब्द बोलली तर यातलं काही बोलणार नाही, मला माहितेय. म्हणून म्हणते, तू लिही.

तुझा इंजिनिअरचा जीव विचारेल, एवढ्या हुशार लोकांना दिसत कसं नाही? अरे, माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती, हा किती साधा प्रश्न! १९२३ मध्ये थिओफिलस पेंटर यांनी ४८ सांगितली आणि पुढची तीसेक वर्षं सगळ्यांनी ४८ मोजली. स्वीडनमध्ये काही संशोधकांना ४६च दिसत होती, तर आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून त्यांनी काम सोडून दिलं. शेवटी १९५६ मध्ये जो हिन जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी ४६ असं छापलं. मोजणारे आंधळे नव्हते रे. उत्तर आधी माहीत होतं, एवढंच.

बाकी कारकीर्द सांगण्यासारखी कमी आणि भरण्यासारखी जास्त. अर्ज भरले, अहवाल भरले, नामंजूर झालेले प्रस्ताव तारीख बदलून पुन्हा भरले. विभागप्रमुख होते त्या तीन वर्षांत एकदाही मायक्रोस्कोपला डोळा लावला नाही. ती वर्षं एका ओळीत उरक.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. पीएचडीत मी एका जनुकाची जागा शोधत होते. स्टर्टेव्हंटच्याच पद्धतीने. क्रॉस लावायचा, मोजायचं, थोडं जवळ सरकायचं, पुन्हा क्रॉस. चार वर्षांत मी त्याच्या शेजारापर्यंत पोचले होते. २००० मध्ये फळमाशीचा जीनोम, म्हणजे तिच्या डीएनएचा अक्षरक्रम, प्रसिद्ध झाला. गेल्या वर्षी एका एम.एस्सी.च्या मुलाने तसाच एक म्युटंट, म्हणजे जनुक बिघडलेली माशी, घेतला, तिच्या डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचायला पाठवला आणि आठवडाभरात नेमकं कोणतं अक्षर बदललंय ते मला मोबाइलवर दाखवलं. तू विचारशील वाईट वाटलं का. थोडं वाटलं. पण ती यादी बघून तो म्हणाला, "मॅडम, बदल तर पुष्कळ दिसतायत, यातला खरा कोणता?" आणि मी त्याला म्हटलं, क्रॉस लाव.

आता आवराआवर चाललीय. तीनशेच्या वर स्टॉक आहेत. बियाण्यासारखे डब्यात भरून ठेवता येत नाहीत, फ्रीजरमध्ये टाकून विसरता येत नाहीत. अठरा अंशांच्या कपाटात पिढ्या सावकाश चालतात, तरी तीन-चार आठवड्यांनी प्रत्येकाला नव्या नळीत हलवावंच लागतं. चुकवलं की गेला. एका उन्हाळ्यात कोळ्यासारखे बारीक किडे लागून अकरा स्टॉक गेले. त्यातल्या दोनांची दुसरी जोडी आम्ही ठेवली नव्हती, ते आता कुठेच नाहीत. बाकीचे कोणी घेतलेत. त्या केशरी लाइनला कोणी वाली नाही, साहजिकच आहे. नव्या प्राध्यापकांनी फार अदबीने विचारलं, "मॅडम, ही ठेवायची का?" चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात "परिणाम नाही" असं लिहिलंय. मी म्हटलं, माझ्या त्या विद्यार्थिनीला विचारते. तर तिचा काल उलट निरोप, "मॅडम, दोन नळ्या माझ्यासाठी काढून ठेवा, मुलांना प्रात्यक्षिकाला देते."

त्या नळ्या शनिवारी काढून ठेवणार आहे. समारंभाला आदल्या दिवशी येतोयस तर सकाळी माझ्याबरोबर चल. काउंटर कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे, तेल लागेल.

तुझी,
आई